जुनं वर्कस्टेशन, लिनक्स आणि "मामा, काळंच झालं बघा"

"मामा, लिनक्स चालतच नाही बघा ह्याच्यावर."

रविवारी सकाळी साडेआठला कोल्हापुरातून भाच्याचा फोन. मी विचारलं, चालत नाही म्हणजे नेमकं काय होतंय? "काय नाही, काळंच." बरं, काळं व्हायच्या आधी काय दिसलं? "ते नाही बघितलं." मग म्हटलं आता बंद कर, परत चालू कर, आणि टीव्हीवर मॅच बघतोस तसा स्क्रीनकडे बघत बस, फोन कानाला राहू दे.

हा लेख त्याला पुढचे दोन-तीन महिने जे तुकड्यातुकड्यात फोनवर सांगितलं त्याचाच आहे. कमांड पण मी फोनवर बोलतो तशाच लिहितोय, टाइप करताना तुमचं तुम्ही बघून घ्या.

आधी मशीन काय ते सांगतो. वर्कस्टेशन म्हणजे ऑफिसातल्या साध्या डेस्कटॉपचा जाडजूड थोरला भाऊ. झीऑन प्रोसेसर, चूक सापडली तर स्वतः दुरुस्त करणारी ईसीसी रॅम, क्वाड्रोसारखं ग्राफिक्स कार्ड, आणि दोन हातांनी उचलावा लागणारा डबा. डेल प्रिसिजन टी३५००, एचपी झेड४०० ही २००९ च्या आसपासची पिढी, कंपन्यांनी लीज संपल्यावर काढून टाकलेली, लॅमिंग्टन रोडला नाहीतर पुण्यात तपकीर गल्लीत आजही मिळतात. भाच्याकडे त्याच पिढीतलं एक आहे, झीऑन डब्ल्यू३५२०, ४ कोअर, १२ जीबी रॅम आणि क्वाड्रो ६००. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ह्या प्रोसेसरला अधिकृतपणे घेतच नाही, आणि पोरगा सर्व्हेयरच्या ऑफिसात दिवसभर क्यूजीआयएसवर नकाशे करतो, जे लिनक्सवर मस्त चालतं, म्हणून विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सचं डेबियन १२ हे रूप टाकायचं ठरलं.

आता मुख्य मुद्दा. त्याला मी महालक्ष्मी एक्स्प्रेस सांगितली. गाडी मुंबईला आली नाही म्हणजे काय झालं हे दादरला उभं राहून कळत नाही, तर मिरज सोडली का, सातारा सोडला का, पुणं सोडलं का हे विचारावं लागतं. मशीन चालू होताना पण असंच असतं. कोल्हापूरला बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचा सगळ्यात आधी उठणारा प्रोग्राम, तपासणी करतो, रॅम आहे का, कार्ड आहे का. मिरजेला ग्रब येतो, तो निळा किंवा काळा मेनू, जिथं कुठली सिस्टिम चालू करायची ते निवडता येतं. साताऱ्याला कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, चालू होतो आणि हार्डवेअर ताब्यात घ्यायला लागतो. पुण्याला डिस्क सापडून त्यावरची मुख्य सिस्टिम जोडली जाते. कल्याणला सिस्टिमडी एकेक सर्व्हिस उठवतो, नेटवर्क, घड्याळ, प्रिंटर वगैरे. आणि मुंबई म्हणजे लॉगिनची स्क्रीन. "चालत नाही" ह्या दोन शब्दांत ह्या सहाही ठिकाणचे बिघाड बसतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं, त्यामुळे शेवटचं कुठलं स्टेशन दिसलं हे सांगितल्याशिवाय कुणीही मदत करू शकत नाही, आणि जो करतो तो अंदाजे करतो.

कोल्हापूरच सुटत नसेल तर लिनक्सचा काही संबंध नाही हे डोक्यात पक्कं ठेवा. काही वर्कस्टेशनांवर पुढे १, २, ३, ४ असे चार छोटे दिवे असतात, काहींत पॉवरचं बटण लाल लुकलुकतं आणि तेवढ्याच वेळा बीप वाजतो, तो आकडा मोजायचा आणि त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघायचा. साध्या पीसीला हे लाड नसतात, इथं आहेत तर वापरा. निम्म्या वेळा रॅमची कांडी काढून सोनेरी दात खोडरबरने हलकेच पुसून परत घट्ट बसवली की काम होतं. हसू नका, होतं.

पेनड्राइव्हच उचलत नसेल तर दोन गोष्टी. ह्या पिढीतल्या बऱ्याच मशीनांना यूईएफआय, म्हणजे बायोसच्या जागी आलेला नवा प्रोग्राम, नाही, जुना बायोसच आहे, त्यामुळे पेनड्राइव्ह नुसता यूईएफआयसाठी बनवला असेल तर तो त्यांना दिसतच नाही. रूफस ह्या पेनड्राइव्ह बनवायच्या प्रोग्राममध्ये एमबीआर हा जुन्या बायोसला कळणारा प्रकार निवडा. आणि नंतर कुणी यूएसबी ३ चं कार्ड घातलेलं असेल तर त्या पोर्टवरून बूट होणार नाही, मागच्या मूळच्या यूएसबी २ मध्ये लावा. एनव्हीएमई ही नव्या प्रकारची वेगवान एसएसडी कार्डावर बसवून घ्यायचा मोह सगळ्यांना होतो, पण जुन्या बायोसला त्यावरून बूट करता येत नाही, बूटची पार्टिशन साध्या साटा डिस्कवर ठेवावी लागते. मी म्हणेन साटाची एसएसडी घ्या आणि मोकळे व्हा.

तर भाच्याची गाडी. मिरज दिसलं, म्हणजे ग्रबचा मेनू आला. एंटर मारला, दोन ओळी सरकल्या आणि काळोख. साताऱ्याच्या पुढे कुठेतरी. इथं लोक सगळ्यात जास्त फसतात, कारण स्क्रीन काळी म्हणजे मशीन मेलं असं वाटतं. खरं तर बऱ्याचदा मशीन आत छान चालू असतं, नुसतं चित्र काढणाऱ्याने हात टेकलेले असतात. ओळखायचं कसं? कॅप्सलॉक दाबा, कीबोर्डवरचा दिवा लागतो-विझतो का बघा. लागत असेल तर कर्नल जिवंत आहे. सिस्टिम आधीच टाकलेली असेल तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून बघा, काळ्या स्क्रीनवर पांढरं लॉगिन आलं तर गाडी मुंबईच्या अगदी आउटरला उभी आहे, काळजी नको.

भाच्याचा दिवा लागत होता. म्हणजे ग्राफिक्स.

हे जरा नीट समजून घ्या कारण जुन्या वर्कस्टेशनवरच्या निम्म्या तक्रारी इथल्याच. सुरुवातीला स्क्रीनवर जे दिसतं ते बायोसने लावून दिलेल्या साध्या मोडमध्ये असतं. कर्नल थोडा पुढे गेला की ग्राफिक्स कार्ड स्वतःच्या ड्रायव्हरकडे देतो आणि तो ड्रायव्हर स्क्रीनचा मोड नव्याने लावतो. एनव्हिडियाच्या कार्डासाठी कर्नलमध्ये जो खुला ड्रायव्हर असतो त्याचं नाव नूवो. तो लोकांनी कंपनीच्या कागदपत्रांशिवाय, कार्ड कसं वागतं हे बघून बघून लिहायला घेतला, त्यामुळे कौतुक आहेच, पण काही कार्डांवर नेमका ह्या हस्तांतराच्या क्षणी तो अडखळतो आणि पडदा पडतो.

तेव्हा ग्रबच्या मेनूत हवी ती ओळ निवडून ई दाबायचा, जी ओळ लिनक्स ह्या शब्दाने सुरू होते तिच्या शेवटी जायचं, क्वाएट आणि स्प्लॅश हे शब्द असतील तर खोडायचे म्हणजे आतले मेसेज दिसतात, आणि नोमोडसेट हा शब्द जोडायचा. मग कंट्रोल-एक्स. ह्याचा अर्थ एवढाच की बाबा कर्नला, मोड बदलू नकोस, बायोसने दिलंय त्यातच भागव. फोनवर हे सांगणं म्हणजे, एन नाशिकचा, ओ उस्मानाबादचा, एम मिरजेचा, परत ओ, डी दापोलीचा, ई ला गाव सुचेना म्हणून एलिफंटचा, एस सांगलीचा, परत एलिफंट, टी ठाण्याचा. पहिल्यांदा त्याने मोड आणि सेटच्या मध्ये स्पेस टाकली आणि परत काळं. दुसऱ्यांदा जोडून लिहिलं आणि इन्स्टॉलर उघडला, मोठ्या मोठ्या अक्षरांत, पण उघडला. आणखी एक, इथं केलेला बदल त्या एका वेळेपुरताच असतो, रीस्टार्ट केलं की गेला, त्यामुळे बिनधास्त करून बघा.

पण नोमोडसेट ही कुबडी आहे. ती लावून मशीन चालतं तेव्हा ग्राफिक्स कार्ड आराम करतं आणि सगळं चित्र प्रोसेसर काढतो, मग खिडकी सरकवली तरी फरफटते. कायमचा इलाज वेगळा. एलएसपीसीआय डॅश एनएनके ही कमांड मारा, कुठलं कार्ड आहे आणि त्याला कुठला ड्रायव्हर लागलाय हे दोन्ही दिसतं. मग एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर टाकावा असं वाटणं साहजिक आहे, आणि इथं जुन्या कार्डांचं नशीब फुटकं. क्वाड्रो एफएक्स १८०० च्या पिढीला ३४० नंबरचा ड्रायव्हर लागतो, तो २०१९ च्या शेवटी थांबला. क्वाड्रो ६००, २०००, ४००० ही फर्मी पिढी, तिला ३९०, तो २०२२ ला संपला. क्वाड्रो के६००, के२००० ही केपलर, तिला ४७०, तो २०२४ पर्यंत. आता ड्रायव्हर थांबला म्हणजे लगेच बंद पडत नाही, पण कर्नल पुढे जात राहतो आणि हा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी मशीनवर नव्याने जुळवून घ्यावा लागतो, एक दिवस तो जुळत नाही आणि "काल अपडेट केलं, आज काळं" असा फोन येतो. तेव्हा घाबरायचं नाही. ग्रबमध्ये ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स आहे, तिथं मागचा कर्नल असतो, तो निवडून आत जा. आणि जुना कर्नल जागा खातो म्हणून काढून टाकायची हुक्की येते ना, ती दाबा.

माझं मत विचाराल तर इतक्या जुन्या क्वाड्रोसाठी रात्री जागवू नयेत. नूवो चालत असेल तर चालू द्या, फक्त हे माहीत असू दे की फर्मी कार्डाचा वेग तो वाढवू शकत नाही, कार्ड चालू होताना ज्या हळू वेगात असतं त्यातच राहतं. नाहीतर एएमडीचं जुनं छोटं रेडिऑन कार्ड घ्या, ज्याला वेगळी पॉवरची वायर लागत नाही असं, म्हणजे ते स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटमध्ये भागवतं आणि पॉवर सप्लायची भानगड नको. पॉवर सप्लाय ह्या मशीनांत बऱ्याचदा कंपनीने स्वतःच्या मापाचा केलेला असतो, दुकानातला साधा बसेलच असं नाही. एएमडीचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. तरी एक खड्डा आहे आणि आम्ही त्यात पडलो: रेडिऑनला ड्रायव्हरशिवाय फर्मवेअरची, म्हणजे कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची, फाइलही लागते. डेबियन १२ पासून इन्स्टॉलर स्वतः बघून योग्य फर्मवेअर टाकतो, पण त्याने टाकताना क्वाड्रो बघितलं होतं! कार्ड आम्ही नंतर बदललं, त्यामुळे रेडिऑनचं फर्मवेअर आलंच नव्हतं, परत काळं. डीमेसेज ह्या कमांडने कर्नलचे मेसेज दिसतात, त्यात सरळ लिहिलेलं होतं की फर्मवेअर लोड झालं नाही. फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स हे पॅकेज टाकलं, उघडलं. कार्ड बदलायच्या आधीच टाका म्हणजे ही वारी वाचेल.

जाता जाता प्रोसेसरचंही सांगतो. हल्ली काही डिस्ट्रो, म्हणजे डेबियनसारखी लिनक्सची वेगवेगळी रूपं, जुने प्रोसेसर सोडून द्यायला लागल्यात. रेड हॅटची ९ वी आवृत्ती चालायला प्रोसेसर साधारण २००८ च्या नेहेलेम पिढीचा तरी लागतो, १० वी ला तर प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ ही सोय लागते, म्हणजे इंटेलच्या बाबतीत २०१३ ची हॅसवेल पिढी. डब्ल्यू३५२० वर ९ चालेल, १० नाही. आल्मालिनक्सने मात्र १० ची एक वेगळी आवृत्ती जुन्या प्रोसेसरसाठी ठेवलीय. आणि डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या-मेनूंचा भाग, निवडताना एक्सएफसीई घ्या, तो एक्स-ऑर्ग ह्या चित्र दाखवणाऱ्या जुन्या व्यवस्थेवर चालतो. उबंटूने २५.१० पासून ग्नोम ह्या आपल्या नेहमीच्या डेस्कटॉपमधलं जुनं एक्स-ऑर्गचं सेशन काढलंय आणि ३९० वाल्यांचं सगळं त्या एक्स-ऑर्गवरच अवलंबून.

पुढचा फोन पंधरा दिवसांनी. "मामा, मधेच अडकतंय, माऊस पण हलत नाही, दाबून बंद करावं लागतंय." कधी? कधीही. हे सगळ्यात वाईट, कारण कधीही म्हटलं की माणूस काहीही करायला लागतो, डिस्ट्रो बदल, कर्नल बदल, कुठल्यातरी व्हिडिओत बघून चार सेटिंग एकदम बदल, आणि मग बरं झालं तरी कशाने झालं ते कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायचं. फोनमध्ये नाही, वहीत, कारण फोनवर आपण बोलत असतो.

अडकून बंद केल्यावर परत चालू करून जर्नलसीटीएल डॅश बी, स्पेस, डॅश १ मारा, म्हणजे आत्ताचा नाही तर मागच्या वेळचा लॉग मिळतो, अडकला तो. लोक शेवटची ओळ कॉपी करून गूगलवर टाकतात. शेवटची ओळ बहुतेक वेळा बिचारी नुसती रडत असते, आधी कुणी मारलं ते वर असतं. वर चढत जा आणि पहिली विचित्र ओळ शोधा. भाच्याच्या लॉगमध्ये अडकण्याच्या कितीतरी आधीपासून हार्डवेअर एरर असं येत होतं आणि सोबत ईडीएसी, सीई. ईडीएसी म्हणजे कर्नलचा रॅमवर नजर ठेवणारा भाग, सीई म्हणजे चूक सापडली आणि दुरुस्त केली. यूई आलं तर चूक सापडली पण दुरुस्त होईना. ईसीसी रॅमचा खरा उपयोग हाच. साधी रॅम खराब झाली तर मशीन काही न बोलता वेड्यासारखं वागतं, ही निदान तक्रार नोंदवते. रासडीमन नावाचं पॅकेज टाकलं की ह्या तक्रारींचा हिशोब राहतो, कुठल्या चॅनलवर किती. ३ कांड्या होत्या ४-४ जीबीच्या, सगळ्या तक्रारी एकीवरच. लगेच फेकायची नाही, तिची जागा दुसरीबरोबर बदलायची. तक्रार जुन्या स्लॉटवरच राहिली तर स्लॉट खराब, कांडीबरोबर गेली तर कांडी. कांडीबरोबर गेली. काढली, ८ जीबीवर चालतंय, नकाशांना पुरतंय. खात्री हवी असेल तर मेमटेस्ट८६+ रात्रभर लावून ठेवा.

डिस्कचं थोडक्यात: स्मार्टसीटीएल डॅश ए मारा आणि तीन आकडे बघा. ५ आणि १९७ नंबरच्या ओळींत शून्याशिवाय काही दिसलं आणि वाढत असेल तर डिस्क निरोपाच्या तयारीत, आजच बॅकअप. १९९ नंबर वाढत असेल तर डिस्कला दोष देऊ नका, साटाची वायर बदला. पुण्याजवळ गाडी थांबून कंसात इनिटरॅमएफएस असं दिसलं आणि अमुक यूयूआयडी, म्हणजे डिस्कचा ओळख नंबर, सापडत नाही म्हणाला तरी आधी वायर.

तिसरा फोन मला फार आवडला. मशीन आता ऑफिसात नेलेलं. "मामा, सकाळी सकाळी अपडेट होत नाही, म्हणतंय फाइल अजून व्हॅलिड झाली नाही." नॉट व्हॅलिड यट. म्हणजे मशीनच्या मते ती फाइल भविष्यातली आहे. तारीख विचारली तर मशीन अकरा दिवस मागे. बरं, एकदम अकरा दिवस का? मग कळलं की ऑफिसात रोज संध्याकाळी मेन स्विच बंद करतात. घरी प्लग लावलेला असायचा, बंद मशीनलाही थोडा करंट मिळत राहतो आणि घड्याळ त्यावर चालतं. तो तुटला की घड्याळ सांभाळायचं काम बोर्डवरच्या गोल सेलचं, आणि तो मेलेला. डीमेसेजमध्ये बघितलं तर आरटीसीच्या, म्हणजे बोर्डवरच्या घड्याळाच्या, ओळीत सिस्टिम घड्याळ लावतोय १ जानेवारी २००९. पण मग स्क्रीनवर २००९ का नाही? कारण सिस्टिमडी शहाणा आहे, तो शेवटची माहीत असलेली वेळ एका फाइलीत लिहून ठेवतो आणि घड्याळ त्याच्याही मागचं निघालं तर तिथून पुढे मोजायला लागतो. म्हणजे मंगळवारी संध्याकाळी सहाला बंद केलेलं मशीन बुधवारी सकाळी उठलं की त्याच्यासाठी अजून मंगळवार संध्याकाळच. मधली रात्र त्याच्या लेखी झालीच नाही. रोज एक रात्र गळत गळत अकरा दिवस. एरवी नेटवरून वेळ दुरुस्त होते, पण ऑफिसच्या नेटवर ती वेळ विचारायचा रस्ताच बंद केलेला होता.

सेल सीआर२०३२, ३ व्होल्ट, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो, वडापाव-चहाच्या पैशात. मशीनचा प्लग काढून बदलायचा, आणि बदलल्यावर बायोसमध्ये जाऊन तारीख आणि बूटचा क्रम परत लावायचा, कारण त्या काळच्या बऱ्याच बोर्डांवर सेल गेला की सेटिंगही पुसतात. अधूनमधून दुसऱ्या डिस्कवरून बूट व्हायला बघायचं आणि "ऑपरेटिंग सिस्टिम नाही" म्हणायचं, त्याचं कारणही तेच निघालं.

मी त्याला म्हटलं, अरे सेल मेला की बायोस चालू होतानाच ओरडतो, वेळ सेट नाही म्हणून, तुला कधी दिसलं नाही?

"ते होय? ते रोजच येतंय की मामा, एफ१ दाबलं की जातंय."

सेल बदलून आता दोन महिने झाले. परवा फोनवर म्हणाला, सकाळी मशीन चालू केलं की बोट अजून आपसूक एफ१ वर जातंय.